भरलेली बॅटरी उतरलेलीला किती देते?

टेम्पोत स्पीकर-दिव्यांसाठी दुसरी बॅटरी बसवायची म्हटलं, की नाशकात द्वारकेजवळच्या गॅरेजांत हमखास धमकी मिळते: भरलेली बॅटरी उतरलेलीला जोडू नका, शेकडो अँपिअर धावतील, वायर पेटेल. शेजारचा सांगतो, काही होत नाही, दोन टाक्यांतल्या पाण्यासारखं अर्धं-अर्धं होईल. दोघंही चुकतात, दुसरा जरा जास्तच.

भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, उतरलेली ११.९. ढकलायला उरले ०.८. दोन्हींचा अंतर्गत रोध, केबल आणि टर्मिनलचे जोड मिळून २० मिलिओहम, म्हणजे ०.०२ ओहम धरा; ओहमच्या नियमाने (व्होल्ट भागिले रोध) पहिल्या क्षणी ४० अँपिअर. सेल्फ मारताना याच्या कितीतरी पट जातात. क्लॅम्पमीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावला तर आकडा उसळतो आणि लगेच घसरायला लागतो.

तो घसरतो का, यातच सगळी गंमत आहे. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होतं. उलटा करंट शिरला की सल्फेटमधून पुन्हा सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, पण ते होतं प्लेटीच्या बारीक छिद्रांत. तिथून बाहेरच्या पातळ आम्लात मिसळायला त्याला वेळ लागतो. आता, सेलचं, म्हणजे बॅटरीतल्या एकेका कप्प्याचं, व्होल्टेज ठरतं ते प्लेटीला भिडलेल्या आम्लावर. आम्लावरून व्होल्टेज काढायचं जे नर्न्स्टचं समीकरण, त्यातल्या लॉगॅरिदममध्ये बसते ती याच आम्लाची सक्रियता (ढोबळमानाने तीव्रता), डब्यातली सरासरी नव्हे. म्हणून आतून जवळजवळ रिकामी असलेली बॅटरी टर्मिनलवर १२.५ दाखवू लागते. भरलेलीच्या छिद्रांत नेमकं उलट: तिथलं आम्ल खर्च होतं, बाहेरून यायला उशीर, ती १२.६ वर येते. ०.८ चे ०.१ झाले, करंट बसला. निफाडकडच्या जानेवारीतल्या थंडीत हे मिसळणं आणखी रेंगाळतं.

रात्रभर जोडून ठेवली तरी उतरलेलीच्या पदरात थोडंच पडतं. तिला नीट भरायला १४.२ ते १४.४ व्होल्ट हवेत आणि ते इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटरच देतो. म्हणूनच व्होल्टेज पाहून चालणारा रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) साधारण १३.३ च्या पुढे गेल्यावरच दोघींना जोडतो.

फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हीसुद्धा एक जुनी समजूत. प्लॅस्टिकच्या डब्यातून जमिनीत काही जात नाही. उतरते ती पडून राहिल्याने. शनिवारी बॉनेटला बांधलेल्या लिंबातही आम्ल असतं म्हणा, पण तेवढ्यावर गाडी सेल्फ घेत नाही.

भीती बाळगायचीच तर एखादा सेल शॉर्ट असलेल्या बॅटरीची. ती साडेदहाच्या आसपास अडकते, चांगलीला ओढत राहते आणि तापते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचाही हिशेब वेगळा: ती १३.३ वर बसलेली, रोध अगदी कमी. तिला मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट आवरून देणारा चार्जर, लागतो. केबलच्या दोन्ही टोकांना फ्यूज टाका, आणि शेवटचा निगेटिव्ह जोड बॅटरीपासून लांब, चॅसिसवर करा. ठिणगी तिथे पडू दे, हायड्रोजन निघतो तिथे नको.