हवेतून पाणी टिपणारे सच्छिद्र पदार्थ

वाळवंटातील कोरड्या हवेतले बाष्प आपल्या अतिसूक्ष्म छिद्रांत धरून ठेवणारे आणि थोडी उष्णता मिळताच ते सोडून देणारे घन पदार्थ. सुटलेले बाष्प बंद पेटीत निववून त्याचे पिण्याचे पाणी करतात. सिलिका जेल व झिओलाइट ही या कुळातली जुनी मंडळी. धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जाळीदार स्फटिकांनी, म्हणजे ‘मॉफ’ने, अलीकडे हा विषय प्रयोगशाळेबाहेर आणला. डोंगरउतारावर जाळ्या लावून धुके अडवण्याची पद्धत वेगळी. तिथे थेंब आधीच तयार असतात. इथे थेंबच नसतो.

वातावरणात कोणत्याही क्षणी सुमारे १३,००० घन किलोमीटर पाणी असते, म्हणजे जगातल्या सगळ्या नद्यांत मिळून असलेल्या पाण्याच्या सहापट. हा आकडा मोठ्या उत्साहाने सांगितला जातो, पण तहानलेल्याच्या तो कामाचा नाही, कारण ते पाणी फार विरळ पसरलेले असते. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकेल त्यातले किती बाष्प प्रत्यक्षात आहे ते) १० टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत जेमतेम ३ ग्रॅम बाष्प असते. एक लिटर पाण्यासाठी अशी सव्वातीनशेहून अधिक घनमीटर हवा पूर्ण कोरडी करावी लागेल. शिवाय तिचा दवांक, म्हणजे बाष्प निवून जमू लागते ते तापमान, शून्याखाली असतो. त्यामुळे एसीसारख्या यंत्राने ती थंड करायला गेले, तर नळ्यांवर पाण्याऐवजी हिम साचते आणि वीज भरमसाट जाते.

सच्छिद्र पदार्थ हवा थंड न करताच बाष्प पकडतो. पाण्याचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी हेच करते. पण पाणी धरणे हे अर्धेच काम. खरी कसोटी ते सोडण्यात असते. झिओलाइट अगदी कोरड्या हवेतूनही पाणी ओढतो, मात्र ते परत काढायला त्याला साधारण २०० अंशांपर्यंत तापवावे लागते. (त्याचे नावही तिथूनच आले. स्वीडिश खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये एक खनिज तापवले, तेव्हा त्यातून वाफ फसफसली. म्हणून ग्रीकमध्ये ‘उकळणारा दगड’.) सिलिका जेलचे उलटे: ते पाणी सहज सोडते, पण कोरड्या हवेत घेतेच थोडे. गरज होती अशा पदार्थाची, जो ठरावीक आर्द्रतेला एकदम भरेल आणि आर्द्रता त्याखाली गेली की एकदम रिकामा होईल. आलेखावर असे वागणे उभ्या पायरीसारखे दिसते.

ती पायरी हवी तिथे बसवण्याची सोय मॉफमध्ये आहे. त्यात धातूचे अणुगुच्छ सांध्यांसारखे आणि सेंद्रिय रेणू दांड्यांसारखे असतात. दांडी बदलली की छिद्राचा आकार आणि पाण्याची ओढ बदलते. मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन, क्योतोचे सुसुमु कितागावा आणि बर्कलीचे ओमर यागी यांना या स्फटिकांच्या विकासासाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यागी जॉर्डनमधल्या अम्मानचे. नळाला मोजकेच तास पाणी येणाऱ्या घरात वाढलेले. गंमत अशी की त्यांच्या गटाचा १९९९ मधला गाजलेला मॉफ-५ दमट हवेतच मोडतो. पाण्यासाठी टिकाऊ सांधा लागतो, आणि तो झिर्कोनियमने दिला. झिर्कोनियम आणि फ्युमॅरिक आम्ल यांचा मॉफ-८०१ वीस टक्क्यांच्या आतल्या आर्द्रतेतच बहुतांशी भरतो. पुढचा मॉफ-३०३ अॅल्युमिनियमचा, म्हणून स्वस्त, आणि पाणीही जास्त धरणारा. त्याच्या छिद्रात पाण्याचे पहिले काही रेणू दांडीतल्या पायराझोल नावाच्या वलयाच्या नायट्रोजनपाशी जागा धरतात, नंतरचे त्यांना हायड्रोजन बंधांनी लटकतात आणि बघता बघता छिद्रभर पाण्याची साखळी विणली जाते. पहिली पकड फार घट्ट असेल तर तेवढे पाणी सोडवायला जास्त उष्णता लागते. काही वलयांच्या जागी फ्युरान हे नायट्रोजन नसलेले वलय घालून ती सैल करता येते.

बाकीचे काम वाळवंटच करून देते. दुपारी ३५ अंशांना १५ टक्के आर्द्रता असलेली हवा रात्री १८ अंशांपर्यंत निवली, तर बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास पोचते. म्हणजे रात्री भरायचे, दिवसा रिकामे करायचे. अॅरिझोनाच्या वाळवंटात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतले उपकरण अगदी साधे होते: पारदर्शक पेटीत दुसरी लहान पेटी, तिच्यात मॉफ-८०१ चा थर. पूड पांढरी असल्याने ऊन शोषावे म्हणून तिच्यात ग्रॅफाइट मिसळलेले. रात्रभर झाकण उघडे ठेवायचे, सकाळी लावायचे. ऊन चढले की आतली पूड बाष्प सोडू लागते आणि बाहेरच्या पेटीच्या भिंतींवर आतून थेंब धरतात, ओघळतात, तळाशी जमतात. पंखा नाही, वीज नाही.

मिळाले किती? एक किलो पुडीमागे दिवसाला सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला. त्याआधी २०१७ मध्ये यागी आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या एव्हलिन वांग यांच्या गटांनी याच पदार्थाची दिवसाला किलोमागे २.८ लिटरची क्षमता वर्तवली होती. वर्तवलेली क्षमता आणि पेटीत जमलेले पाणी यांची गल्लत बातम्यांत हमखास होते. शिवाय ‘किलोमागे’ यात फक्त पूड मोजलेली असते. पेटी, काच, चौकट हिशेबात नसते. पंखा आणि हीटर सौर विजेवर चालवून दिवसात अनेक फेऱ्या घेतल्या की उत्पन्न वाढते: २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात मॉफ-३०३ ने किलोमागे दिवसाला ०.७ लिटर दिले.

मिठाची जातही शर्यतीत आहे. लिथियम क्लोराइड हवेतून इतके पाणी घेते की स्वतःच विरघळते. म्हणून ते फुगणाऱ्या, जेलीसारख्या हायड्रोजेलमध्ये कोंडतात. एमआयटीने २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात तपासलेल्या खिडकीएवढ्या अशा पट्टीने दिवसाला साधारण ५७ ते १६० मिलिलिटर पाणी दिले. मीठ पाण्यात झिरपू नये म्हणून त्या जेलमध्ये ग्लिसरॉल घातले होते.

पदार्थ कितीही सुधारला तरी उष्णतेची अट सुटत नाही. एक लिटर पाण्याचे बाष्प करायला सुमारे ०.७ युनिट ऊर्जा लागते, छिद्रातून ओढून काढायला त्याहून थोडी जास्त. एक चौरस मीटरवर कडक उन्हाच्या दिवसात सहा-सात युनिट ऊर्जा पडते. तेव्हा उष्णता परत न वापरता, काहीही वाया न घालवता, कमाल उत्पन्न आठ-दहा लिटरच्या पुढे जात नाही. काच, हवा आणि पेटीचे तापणे आपला वाटा घेतात ते वेगळेच. पुडीचा थर जाड केला तर खालच्या कणांपर्यंत रात्रीत बाष्प पोचत नाही, पातळ ठेवला तर पेटी पसरट होते. छिद्रे बुजवायला वाळवंटात धूळ असतेच. हाती येणारे पाणी मात्र ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ निववून मिळवलेल्या, पाण्यासारखे असते. क्षार नसल्याने ते सपक लागते आणि रोज प्यायचे असेल तर त्यात खनिजे घालावी लागतात.