फिट्ससाठीचा कीटो: काट्यावरचा की वाटी-चमच्याचा?

दोन औषधं योग्य मात्रेत देऊनही मुलाच्या फिट्स आटोक्यात येत नाहीत, तेव्हा न्यूरॉलॉजिस्ट कीटो आहाराचा, म्हणजे कर्बोदकं (कार्ब्स) अगदी कमी आणि तूप-तेलासारखं स्निग्ध भरपूर अशा आहाराचा, विषय काढतात. पण या एका शब्दात दोन वेगळे उपचार येतात: क्लासिक कीटोजेनिक आणि मॉडिफाइड अ‍ॅटकिन्स. एकाचे नियम दुसऱ्याला लावले की महिनाभराची मेहनत वाया जाते, आणि "कीटो करून पाहिला, काही फरक नाही" असं म्हणून घर तो सोडून देतं. हे टाळता येण्यासारखं आहे.

क्लासिक आहार 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवला. यात सांभाळायचं असतं ते गुणोत्तर. 4:1 म्हणजे 4 ग्रॅम स्निग्धाला प्रथिनं आणि कार्ब्स दोन्ही मिळून 1 ग्रॅम. दिवसाला 1000 कॅलरी लागणाऱ्या मुलाला 100 ग्रॅम स्निग्ध आणि बाकीचं सगळं मिळून फक्त 25 ग्रॅम. त्यातले 15 ग्रॅम वाढीसाठी प्रथिनांना दिले की कार्ब्सना उरतात 10. म्हणून प्रत्येक पदार्थ डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजायचा, आणि ताटात दिलेलं सगळं पोटात गेलं पाहिजे. तीन जेवणांपैकी एकात साधारण 33 ग्रॅम स्निग्ध आणि 8 ग्रॅम बाकीचं असतं. वाटीला दोन छोटे चमचे, म्हणजे 8 ग्रॅम तूप चिकटून राहिलं, तर त्या जेवणाचं गुणोत्तर 3:1 वर घसरतं. वाटी सिलिकॉनच्या चमच्याने निपटून द्यायला सांगतात ते यासाठीच.

मॉडिफाइड अ‍ॅटकिन्सची सुरुवात 2003 मध्ये अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून झाली. इथे मोजायचे फक्त कार्ब्स, दिवसाला साधारण 10 ते 20 ग्रॅम. अंडी, पनीर, चिकन, मासे यांना क्लासिकसारखी मर्यादा नाही. काट्याऐवजी घरची वाटी आणि चमचा चालतो. मात्र 25-30 ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यातच 20 ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, तेव्हा "एकच पोळी दिली" म्हणजे दिवसाचा कोटा संपला. कपभर दुधात 9-10 ग्रॅम जातात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. पोळी-भात बंद होतो, पण त्या जागी स्निग्ध वाढवलं जात नाही. मग मूल नुसतं अर्धपोटी राहतं, वजन उतरतं. अ‍ॅटकिन्समध्येही तूप, लोणी, खोबरेल, साय, नारळ आग्रहाने द्यावंच लागतं. उलट चूक अशी की "प्रथिनं मोकळी" हा नियम क्लासिकला लावून एक अंडं जास्त दिलं जातं आणि गुणोत्तर मोडतं.

कुणाला कोणता? दोन वर्षांखालच्या बाळांना आणि नळीने अन्न जाणाऱ्यांना क्लासिक बरा पडतो. किशोरवयीन मुलं, किंवा जिथे रोज काटा धरायला कुणी नाही, तिथे अ‍ॅटकिन्स निभतो. दिल्लीच्या एम्समधल्या 170 मुलांच्या चाचणीत (2020) फिट्समधली मध्यक घट (निम्म्या मुलांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) क्लासिकमध्ये 66 टक्के, अ‍ॅटकिन्समध्ये 45 टक्के होती. म्हणजे अ‍ॅटकिन्स कमी जाचक असला तरी त्याच ताकदीचा आहे असं धरून चालू नये. तरीही निभेल तो आहार निवडणं जास्त शहाणपणाचं.

दोन्हींची सुरुवात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. स्निग्धाचं ज्वलन न होण्याचा जन्मजात दोष असेल तर हा आहार जिवावर बेततो, म्हणून आधी रक्त-लघवीच्या तपासण्या होतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्हींत लागतं. बद्धकोष्ठता, मुतखडा, कोलेस्टेरॉल आणि उंची-वजन यांवर नजर ठेवावी लागते. औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. फायदा होतोय की नाही हे ठरवायला निदान तीन महिने द्यावेत. फायदा झाला तर साधारण दोन वर्षं चालवून आहार हळूहळू सोडवतात.

रोजच्या काळजीत एक गोष्ट हमखास निसटते: तापाचं गोड सिरप. ताप आला की गोळी किंवा साखरविरहित औषध मागा, आणि दवाखान्यात सलाइन लावण्याआधी "ग्लुकोजचं नको, मूल कीटोवर आहे" हे सांगा. पण मूल सुस्त पडलं, श्वास जोरात चालू लागला, उलट्या थांबेनात, तर रक्तातली साखर तपासून ताबडतोब डॉक्टरांना फोन करा. साखर खाली गेली असेल तर ते ग्लुकोज देतील, आणि त्या वेळी आहार मोडेल म्हणून अडवू नका.