सव्वा मूठ गहू ते उघडी जीप : खान्देशात फौजीचा मान कसा घडत गेला

जम्मूहून पुण्याकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, चाळीसगावला थांबते, तेव्हा फलाटावर हार, फेटे आणि गुलालाच्या पिशव्या घेऊन उभी असलेली मंडळी आता नवलाची राहिलेली नाहीत. गावचा जवान सेवा पूर्ण करून घरी येत असतो. स्टेशनबाहेर फुलांनी सजवलेली उघडी जीप असते, वेशीवर ढोल-ताशा किंवा डीजे. दारोदारी औक्षण होतं आणि शेवटी ग्रामपंचायतीपुढे सत्कार. नव्या मुलांना वाटतं हे पूर्वापार चालत आलंय, पण तसं नाही. सैनिकाबद्दलचा अभिमान खान्देशातल्या घरांत जुना आहे. तो रस्त्यावर आला मात्र अलीकडे, आणि त्याला कारणं आहेत.

सुरुवात धरणगावपासून करावी लागते. १८१८ नंतर खान्देश कंपनी सरकारकडे गेला, सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्लांचे उठाव चालूच राहिले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला 'खान्देश भिल्ल कोअर' उभं केलं. गणवेश, ठरलेला पगार आणि कवायत असलेली या भागातली ही पहिली मोठी नोकरी. पण ती आपल्याच डोंगरातल्या माणसांना आवरण्यासाठी होती, त्यामुळे तिच्याभोवती लोकांच्या कृतज्ञतेची भावना कधी जमली नाही. लोकांनी जपली ती खाज्या नाईकाची आठवण. हा माणूस आधी सेंधव्याच्या घाटात सरकारी पहाऱ्यावर होता, १८५७ मध्ये उलटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला भिल्लांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. खान्देशात 'वीर' हा शब्द आधी सरकारविरुद्ध लढणाऱ्यालाच मिळाला. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला गोळ्या झेललेला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती याच ओळीतले. आपल्याकडे हुतात्मा स्मारक आणि जवानाचं स्मारक अशी दोन वेगळी स्मारकं दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे.

इंग्रजी फौजेची मराठी मुलखातली भरती प्रामुख्याने कोकण आणि सातारा-पुण्याकडच्या देशावर चाले. महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली, ती महार रेजिमेंटच्या रूपाने १९४१ मध्ये पुन्हा नीट उभी राहिली. साताऱ्याच्या अपशिंगेसारखं, पिढ्यान् पिढ्या फौजेत जाणारं 'मिलिटरी' गाव म्हणावं अशी ओळख खान्देशात रुजली नाही. इथे बऱ्याच घरांतला पहिला फौजी स्वातंत्र्यानंतरच निघाला. म्हणून आईच्या तोंडच्या 'मना आंडोर मिल्ट्रीमा शे' (माझा मुलगा मिलिटरीत आहे) या अहिराणी वाक्यात एक वेगळा सूर ऐकू येतो. त्यात घराण्याची परंपरा सांगण्यापेक्षा कोरडवाहू शेतातून निघून पक्क्या पगाराला लागलेल्या पोराचं कौतुक जास्त असतं. त्यात कमीपणा काहीच नाही. घर चालवणं आणि देशाची राखण करणं या दोन गोष्टी त्या माऊलीच्या मनात वेगळ्या नसतात.

हा अभिमान तेव्हा उंबऱ्याच्या आत राही. त्याची सगळ्यात बोलकी खूण खान्देशची देवी कानबाई हिच्या रोटांत, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांत सापडते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजायची रीत अनेक कुळांत आहे. माणूस परगावी असला तरी त्याची मूठ वगळत नाहीत. लेह-लडाखला असलेल्या पोराची सव्वा मूठ त्याची आई मोजून टाकते, नाव घेते आणि पुढच्या नावाकडे वळते. याहून मोठा सत्कार त्या काळी कोणी मागितला नाही. सुट्टी मिळाली तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा कानबाईला यायचं, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली काळी पत्र्याची ट्रंक ओसरीवर ठेवायची. गल्लीला कळायला तेवढं पुरे होई.

सार्वजनिक कृतज्ञतेची सरकारी चौकट याच काळात बसत गेली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये देशपातळीवर सोल्जर्स बोर्ड झालं, त्यातूनच पुढची सैनिक मंडळं आणि आजची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आली. ऑगस्ट १९४९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरवला. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा तो छोटा झेंडा तिन्ही दलांचा. शाळेत तो छातीला लावून घेतलेल्यांना त्यामागचा निधी कुठे जातो हे सहसा कोणी सांगितलेलं नसतं. युद्धात गेलेल्यांची कुटुंबं, अपंग जवान आणि माजी सैनिक यांच्या पुनर्वसनासाठी तो असतो.

१९६२ च्या चीन युद्धाने गावांना पहिल्यांदा जोरात हलवलं. संरक्षण निधीसाठी बायकांनी दागिने काढून दिले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. जळगावला प्रतिभाताई पाटलांनी महिला होमगार्डचं पथक उभं केलं. बोदवड तालुक्यातल्या नाडगावला जन्मलेल्या याच प्रतिभाताई २००७ मध्ये राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती झाल्या. आयुध निर्माणीमुळे भुसावळला १९४९ पासून आणि वरणगावला साठच्या दशकापासून लष्कराशी रोजचा संबंध आला. काडतुसं बनवणारे हातही या गोष्टीचा भाग आहेत, त्यांचा सत्कार क्वचितच होतो.

तरीही १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत गावात यायची ती तार. बहुतेक जवानांवर रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी पत्र येई, कधी अस्थी आणि सामानाची पेटी. गाव जमे, पण निरोप द्यायला समोर देह नसे. कारगिलने हे बदललं. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात जवानांचे पार्थिव त्यांच्या गावी पोचवायचा निर्णय झाला, आणि देशभरातल्या खेड्यांनी पहिल्यांदा तिरंग्यातली पेटी स्वतःच्या गल्लीत पाहिली. सोबत दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते. आजच्या मिरवणुका, कमानी, चौकांची नावं, शाळांतले फलक यांचा उगम त्या दोन-अडीच महिन्यांत आहे, असं आमचं ठाम मत आहे. देह परत आल्यावर गावाला काय करायचं ते शिकावं लागलं, आणि शिकलेलं मग जिवंत परतणाऱ्यासाठीही वापरलं गेलं.

ते शिक्षण अजून पूर्ण झालेलं नाही. वीरमरणाची बातमी आली की युनिटकडून घरी फोन येतो. तहसीलदार, पोलीस आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी गावात येतात. पार्थिव बहुधा विमानाने नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईपर्यंत आणि तिथून रस्त्याने येतं. हाताशी मिळतो तो वेळ एका रात्रीचा. गाव त्या रात्री चितेसाठी चौथरा बांधायला घेतं आणि तिथेच चुकतं. ओल्या सिमेंटचा ओटा सकाळपर्यंत धरत नाही, मानवंदना देणाऱ्यांच्या पायाखाली कडा ढासळतात. कोरड्या विटा-दगडांचा चौथरा रचून वर माती-मुरूम दाबलेला बरा. चौथऱ्यापुढे शस्त्रधारी तुकडीला दोन ओळींत उभं राहून फैरी झाडता येतील एवढी मोकळी जागा दोर लावून आधीच राखावी, नाहीतर गर्दी तुकडीत घुसते. पेटी जड असते. अरुंद गल्लीत मोठी गाडी वळत नसेल तर खांदेकऱ्यांची दुसरी जोडी आधी ठरवून ठेवावी. भाषणं असलीच तर मानवंदनेनंतर. ती आधी झाली की सूर्य कलतो, आणि ज्यांचं माणूस गेलंय ते दिवसभर उपाशी बसून राहतात.

शवपेटीवर तिरंगा पसरताना केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो. शोकशस्त्र (बंदुका उलट्या धरून दिलेली मानवंदना), हवेत फैरी, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही निरोपाची धून, आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतला जातो. तो चितेवर जाळायचा नसतो, दफन असेल तर खड्ड्यात उतरवायचा नसतो. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडतात, मग पांढरा असा दुमडतात की अशोकचक्र आणि दोन्ही रंगांची थोडी कड एवढंच वर राहतं. दोन्ही तळहातांवर धरून तो पत्नीच्या किंवा आईच्या हाती देतात.

हेच नियम मिरवणुकीत मोडतात, आणि मोडणाऱ्याच्या मनात आदरच असतो म्हणून सांगायला जड जातं. जीपच्या बॉनेटवर, टपावर किंवा मागच्या बाजूला तिरंगा अंथरणं ध्वजसंहितेत बसत नाही. त्यावर जवानाचं नाव छापणंही नाही. गाडीवर ध्वज लावायचा मान राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल अशा ठरावीक पदांनाच आहे, म्हणून तो काठीला लावून हातात नीट धरावा, सजावटीला नुसतं केशरी-पांढरं-हिरवं कापड वापरावं. घरातला माजी सैनिक वारला आणि लष्करी किंवा शासकीय इतमाम नसेल, तर खासगी अंत्ययात्रेत तिरंगा पांघरू नये, कायदा शासकीय, लष्करी आणि निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारांनाच मुभा देतो.

'शहीद' या शब्दाचंही असंच. गावाच्या तोंडी तो बसलाय आणि बसू द्यावा. पण लष्कराच्या कागदांत तो नाही. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' (युद्धात किंवा तशा कारवाईत आलेला मृत्यू) आहे की नाही एवढंच पाहतात, आणि त्यावर कुटुंबाचं पुढचं आयुष्य ठरतं. युद्धात किंवा तशा कारवाईत मृत्यू आला तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या मोजणीयोग्य पगाराएवढं. सेवेमुळे आलेला पण युद्धातला नसलेला मृत्यू असेल तर विशेष, ६० टक्के. सेवेशी संबंध मानला गेला नाही तर साधं, मूळ दराने ३० टक्के. कमानीवर तिघांचीही नावं सारख्याच अक्षरांत असतात. म्हणून मृत्यूचं कारण कागदावर काय लिहिलंय ते घरच्यांनी पहिल्या महिन्यातच विचारून घ्यावं.

खान्देशात यात एक हमखास अडचण येते, ती सुनेच्या नावाची. लग्नात नाव बदलायची रीत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पलटणीच्या नोंदीत कधी तिसरंच, कारण सुट्टीवरून परतलेल्या जवानाने घाईत टोपणनाव लिहून दिलेलं असतं. निवृत्तिवेतन आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून चालतं. तिथे नाव किंवा जन्मतारीख एका अक्षराने चुकली तरी काम अडतं. उपाय नोकरीत असतानाच करायचा: लग्न झालं, मूल झालं, नाव बदललं की 'पार्ट टू ऑर्डर' (असे बदल सेवानोंदीत चढवणारा युनिटचा आदेश) निघाली का ते पाहायचं आणि तिची प्रत घरी ठेवायची. निवृत्तीनंतर हीच दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं संरक्षण निवृत्तिवेतन कार्यालय अशी फिरते आणि महिने खाते. दर वर्षीचा हयातीचा दाखला चुकला की पैसे थांबतात. वयस्क वीरमातेला सेवा केंद्रावर नेऊन आणणारा एक पोरगा गल्लीत असला, तर त्याने केलेलं काम कोणत्याही सत्काराच्या तोडीचं आहे.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना राज्याने २०२० पासून एका घराची घरपट्टी माफ केली आहे. ती आपोआप लागू होत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत अर्ज द्यावा लागतो. ज्या ग्रामसेवकाने सत्काराचा फलक छापून घेतला, त्यानेच हा अर्ज मांडून घेतला तर फौजीची एक फेरी वाचते.

राखीच्या पाकिटांचंही थोडं सांगायला हवं, कारण शाळा ते मनापासून करतात. पत्त्यावर नुसतं 'सीमेवरील जवान' लिहून चालत नाही. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मग '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. ५६ ची टपाल दिल्लीच्या आणि ९९ ची कोलकात्याच्या लष्करी मुख्य टपालघरातून पुढे जाते. गावाचं किंवा ठाण्याचं नाव लिहायचं नाही. पाकीट श्रावणाच्या आधीच टाकलं तर पौर्णिमेला हातात पडण्याची आशा असते.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आजवर पंधरा वर्षांहून जास्त सेवा करून पेन्शनीत आलेला, पस्तिशी-चाळिशीचा माणूस जीपमध्ये उभा राही. आता चार वर्षांची सेवा करून बाविशी-पंचविशीतला पोरगा परतेल. चारातल्या एकापर्यंत जवानांनाच पुढे कायम ठेवायची तरतूद आहे. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम मिळेल, पण निवृत्तिवेतन नाही, आणि योजनेत माजी सैनिकाचा दर्जाही धरलेला नाही. फलाटावर हार घेऊन मंडळी त्याच्यासाठीही उभी राहतील. घरपट्टीच्या अर्जावर त्याच्या नावापुढे काय लिहायचं, हे मात्र गावोगावच्या ग्रामसभांना आतापासून विचारून ठेवावं लागेल.