दुःखात देव कोठे असतो : मराठवाड्यातील एका ख्रिस्ती प्रश्नाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील ख्रिस्ती घरात मृत्यू झाला, सलग दोन-तीन हंगाम वाया गेले किंवा घरातील कर्त्या माणसाने कर्जापायी जीव दिला, म्हणजे पाळक किंवा फादर घरी येतात, मंडळीतील चार माणसे सतरंजीवर बसतात आणि बहुधा बायबलमधील स्तोत्रसंहितेतील, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील, 23वे स्तोत्र वाचले जाते. मृत्युच्छायेच्या दरीतही देव सोबत असतो, हा त्या वाचनाचा आशय असतो. हे सांत्वन आज इतके अंगवळणी पडले आहे की ख्रिस्ती माणसाला दुःखात नेहमी असेच सांगितले जात असावे, असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दुःख देव पाठवतो आणि दुःखात देव सोबत असतो, या दोन समजुती बायबलमध्येच शेजारी शेजारी आहेत. त्यांपैकी कोणत्या समजुतीवर भर द्यायचा हे त्या त्या काळातील संकटांनी आणि ती सोसणाऱ्या माणसांनी ठरवले. बायबलमध्ये आणखी एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे देवाच्या तोंडावर केलेली तक्रार. मराठवाड्यात पहिल्या दोन गोष्टी चांगल्या रुजल्या, तिसरी मात्र प्रवचनांतून जवळजवळ नाहीशी झाली. असे का झाले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

जुन्या करारातील निर्गमाच्या पुस्तकात देव मोशेशी प्रथम बोलतो तेव्हा, मिसरमधील (इजिप्तमधील) इस्राएली गुलामांचे क्लेश आपण पाहिले आहेत, त्यांचा आक्रोश ऐकला आहे आणि त्यांना सोडवायला आपण उतरलो आहोत, असे सांगतो. इस्राएलच्या श्रद्धेचा पाया या वाक्यावर उभा आहे. पण इ. स. पूर्व 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले आणि लोकांना बंदिवासात नेले, तेव्हा हा पायाच हादरला. मंदिरात राहणारा देव मंदिर पडल्यावर कोठे गेला? यहेज्केल संदेष्ट्याने याचे उत्तर दृष्टान्तातून दिले. देवाचे तेज मंदिर सोडून गेलेले त्याने पाहिले; शिवाय तेच तेज त्याला आधी परक्या मुलखात, खबार नदीच्या काठी, बंदिवानांच्या वस्तीत दिसले होते. घरदार गमावलेल्या लोकांबरोबर देवही परागंदा होतो, हा विचार येथे प्रथम इतक्या ठळकपणे येतो.

त्याच परंपरेत ईयोबाचे पुस्तक आहे. निर्दोष असूनही ईयोबावर दुःखाचा डोंगर कोसळतो. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात, तोपर्यंत सारे ठीक चालते. तोंड उघडल्यावर मात्र ते त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात शोधू लागतात. ईयोब ऐकून घेत नाही, तो देवालाच जाब विचारतो. पुस्तकाच्या अखेरीस देव ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या या मित्रांवर रागावतो, हे सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे अशीच गाऱ्हाण्याची आहेत. बहुतेक गाऱ्हाणी अखेरीस स्तुतीकडे वळतात, 88वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते, आणि तरीही ते उपासनेच्या ग्रंथात ठेवले गेले आहे.

येशूने या तिन्ही धाग्यांना हात घातला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने स्पष्ट सांगितले. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले तेव्हाही त्याने तो हिशेब नाकारला. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी तो रडला. आणि वधस्तंभावर त्याने 22व्या स्तोत्रातील गाऱ्हाणे आपले म्हणून उच्चारले : "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ख्रिस्ती श्रद्धेनुसार हे शब्द देवाच्या पुत्राचे आहेत. म्हणजे देवाने सोडून दिल्याचा अनुभवही देवाला परका राहिला नाही. ख्रिस्ती विचाराचे वेगळेपण येथेच आहे. यापुढचा सारा इतिहास हे वाक्य पचवण्याच्या धडपडीचा आहे, असे म्हटले तरी चालेल.

ही धडपड सोपी नव्हती. ग्रीक तत्त्वज्ञानात वाढलेल्या आरंभीच्या धर्मपंडितांना विकाररहित, अबाधित देवच देव वाटत होता, त्यामुळे ख्रिस्ताने मानवी स्वभावाने दुःख भोगले पण त्याचा दैवी स्वभाव त्यापासून अलिप्त राहिला, अशी मांडणी 451च्या खाल्सेदोन येथील बिशपांच्या परिषदेच्या सुमारास स्थिरावली. मात्र सामान्य ख्रिस्ती माणसे परिषदांची वाट पाहत थांबली नव्हती. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात मोठी साथ आली तेव्हा कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मंडळीला रुग्णांच्या शुश्रूषेला लावले, आणि अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याच्या पत्रात रुग्णांची सेवा करता करता स्वतः मेलेल्या ख्रिस्ती लोकांचे वर्णन आहे. पुढे 1518 मध्ये हायडेलबर्ग येथील वादसभेत प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने, देवाला वैभवात नव्हे तर क्रुसावरील दुःखात ओळखावे, असा सिद्धान्त मांडला. मराठवाड्यात आलेले प्रॉटेस्टंट मिशनरी या परंपरेचे वारस होते, पण 19व्या शतकातील इव्हँजेलिकल प्रचारात संकटाकडे देवाचा इशारा म्हणून पाहण्याची वृत्तीही तितकीच प्रबळ होती, आणि ते दोन्ही सोबत घेऊन आले.

निजामाच्या राज्यातील या भागात प्रॉटेस्टंट कामाला मोठा आकार दिला तो नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मणाने. 1843 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या संपर्कातून त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घराचे दार कायमचे बंद झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये गेला तेव्हा न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केलेला प्रयत्न मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात सर्वांना ठाऊक आहे. नारायणरावांची बाजू त्या मानाने कमी सांगितली जाते. ते 1860च्या दशकात जालन्याला आले, आणि पुढे निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तेथे आलेली बहुसंख्य कुटुंबे मांग आणि महार समाजांतील होती. उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपलेल्या, घरातून पळालेल्या याकोबाला जेथे देव भेटला, त्या ठिकाणाचे नाव या वसाहतीला दिले होते. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना हक्काची जमीन आणि विहीर मिळणे म्हणजे देव जवळ आल्याची खूण होती, हे तेथील माणसांना प्रवचनावाचूनही कळले असावे. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम रत्नजी नवरोजी या पारशी ख्रिस्ती पाळकांनी उभारले. कॅथलिक बाजूला नागपूरहून आलेले फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू 19व्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव परिसरात खेडोपाडी फिरू लागले.

हा काळच दुष्काळांचा होता. 1876 ते 1878 आणि पुन्हा 1896-97 व 1899-1900 या दुष्काळांत दख्खन उजाड झाली. त्यातच 1896 पासून प्लेग सुरू झाला. मिशनने दुष्काळी कामे काढली, अनाथ मुले सांभाळली, आणि याच वर्षांत बाप्तिस्म्यांची संख्याही वाढली. 'भाकरीसाठी बाटले' हा शेरा तेव्हापासून या समाजाला चिकटला आहे. त्या शेऱ्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, पण उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याच्या देवाची चौकशी केली तर त्यात लज्जास्पद काय आहे, असा प्रतिप्रश्न या समाजाने अधिक ठामपणे विचारायला हवा होता. निर्गमातील देवानेही गुलामांना आधी सोडवले, नियमशास्त्र नंतर दिले.

भाकरीने ओळख होते. श्रद्धेला मात्र आपली भाषा लागते, आणि ती मराठवाड्यात आधीपासून होती. आपेगाव, पैठण, नर्सी आणि गंगाखेड यांच्या या मुलखात देव भक्ताच्या कष्टात हातभार लावतो, हे जनाबाईंच्या दळणाकांडणाच्या अभंगांनी घरोघरी पोचवले होते. जातीने दूर ठेवलेल्या चोखोबांचे गाऱ्हाणेही लोकांच्या कानांवर होते. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पडली, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत अभंगाच्या वळणाची गीते रचली. गोदावरीच्या दोन्ही काठांवरील मंडळ्यांमध्ये ती टाळ-मृदंगावर गाइली गेली आणि आजही 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून गाइली जातात. यांत ख्रिस्त आई, सखा, गुरू या नात्यांनी येतो. शिक्षा देणारा न्यायाधीश मागे सरून सोबत चालणारा देव पुढे आला, तो माझ्या मते मिशनऱ्यांच्या प्रवचनांपेक्षा या गीतांमुळे अधिक.

याच पिढीतील पंडिता रमाबाईंचा मराठवाड्याशी थेट संबंध नव्हता, तरी त्यांना वगळता येत नाही. 1870च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावून त्या भावासह पायी देशभर भटकल्या. पुढे 1896 नंतरच्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांत आणि गुजरातेतील निराधार मुली केडगावला आणल्या. उपासमार स्वतः भोगलेल्या बाईने केलेले मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, पूर्ण छापून निघाले.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य धर्मविचारातही अलिप्त देवाची कल्पना ढासळली. हिटलरच्या तुरुंगातून जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफरने जुलै 1944 मध्ये, दुःख भोगणारा देवच मदत करू शकतो, असे लिहिले. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी झाली. जपानमध्ये काझो कितामोरी यांनी 1946 मध्ये देवाच्या वेदनेचे ईश्वरज्ञान मांडले आणि जर्मनीत युर्गेन मोल्टमान यांनी 1972 मध्ये क्रूस हीच देवाची ओळख मानली. कॅथलिक चर्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 मध्ये दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर स्वतंत्र प्रेषितीय पत्र काढले. आपल्याकडे या प्रश्नाला सर्वांत धारदार वळण दिले ते धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी. 1981 मध्ये बंगळुरूच्या धर्मविद्यालयातील भाषणापासून त्यांनी दलित ईश्वरज्ञानाची मांडणी सुरू केली. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दुःखसोशिक सेवकात त्यांना दलितांचा देव दिसला, इतरांची हलकी मानलेली कामे स्वतः करणारा. वेदना आधी येते, तिचा अर्थ लावणे नंतर, असा त्यांचा आग्रह होता. मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसासाठी ही चर्चा केवळ पुस्तकी नव्हती, कारण 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलतींपासून दूर ठेवले होते, गावाने मात्र त्यांची जात विसरलेली नव्हती.

या सर्व विचारांची कसोटी पुन्हा संकटांनीच घेतली. 1972च्या दुष्काळात सर्व जातिधर्मांच्या बायामाणसांनी एकाच खडीच्या कामावर दगड फोडले. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकतेच झोपले होते; दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे कोसळून लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसे मेली. अशा वेळी पापाची शिक्षा हे उत्तर कोणत्याही धर्मात चटकन तोंडी येते. ख्रिस्ती माणसाला ते देण्याची सोय नाही, शिलोहाचा बुरूज त्याच्या वाटेत उभा आहे. राहिला तो मदतीचा मार्ग, आणि ख्रिस्ती साहाय्य संस्था इतरांबरोबर मदतीच्या व पुनर्वसनाच्या कामात होत्या.

त्यानंतर दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या हे येथील नित्याचे दुःख झाले. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2020 च्या टाळेबंदीत तर प्रार्थनामंदिरेच बंद झाली आणि मंदिराबाहेर देव कसा भेटतो हा यहेज्केलचा प्रश्न मोबाइलवरील उपासनेत पुन्हा उभा राहिला. आज मराठवाड्यात दोन प्रकार शेजारी नांदतात. गुड फ्रायडेला क्रुसावरील सात उद्गारांवर तीन तास मनन होते, कॅथलिक भाविक क्रूसाची वाट चालतात, सप्टेंबरात मराठवाड्यातूनही माणसे हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेला जातात. दुसरीकडे, विश्वास पुरेसा असेल तर आजार आणि कर्ज दोन्ही जातील असे सांगणाऱ्या चंगाईच्या सभांना गर्दी होते. या सभांतून कोणाला धीर मिळत असेल तर त्याची थट्टा करू नये. पण बरे न झालेल्या माणसाच्या पदरी आजाराबरोबर अविश्वासाचा ठपकाही येतो, आणि एलीफज, बिल्दद, सोफर यांनी ईयोबाला हेच सांगितले होते. गुड फ्रायडेलाही चौथ्या उद्गारावर, म्हणजे 'तू माझा त्याग का केलास' यावर, बोलणारा वक्ता बहुधा घाईघाईने पुनरुत्थानाकडे जातो. 88वे स्तोत्र सांत्वनसभेत वाचलेले फारसे ऐकू येत नाही, आणि ज्या घरात कर्जापायी कोणी जीव दिला आहे तेथे 23व्याच्या आधी तेच वाचले जायला हवे, असे मला वाटते.