‘पॉश’ हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आलेला नाही

‘पॉश एरिया’, ‘पॉश फ्लॅट’ आपण रोज म्हणतो. त्यासोबत एक गोष्टही फिरत असते: इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीत श्रीमंत लोक येताना डावीकडची, परतताना उजवीकडची केबिन घ्यायचे, म्हणजे ऊन लागत नसे. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं त्यांच्या तिकिटावर छापलेली असत, म्हणून पॉश.

दिशांचा हिशोब बरोबर आहे. पूर्वेकडे निघालेल्या बोटीची डावी बाजू उत्तरेला, सावलीत येते. म्हणूनच गोष्ट पटते. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय आजच्या अर्थाचा ‘पॉश’ पहिल्या महायुद्धाच्या काळात पहिल्यांदा छापील दिसतो, आणि तिकिटाची कथा 1930च्या दशकात.

त्याआधी एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे चिल्लर, अर्धा पेनी. हा बहुधा रोमानी या जिप्सी लोकांच्या भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि रोमानी मूळची आपल्याच भाषाकुळातली! 1890च्या सुमारास ‘पॉश’ म्हणजे छानछोकी करणारा माणूस, असाही अर्थ नोंदलेला आहे. यातला कोणता धागा आजच्या अर्थाला जोडतो, हे कोशकारांनाही ठरवता आलेलं नाही.

आद्याक्षरांचा खरा ‘पॉश’ आपल्या ऑफिसांत आहे: ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा.