डिलीट केल्यावर नेमकं काय पुसलं जातं?

नवा फोन घेतला की जुना एक्स्चेंजमध्ये जातो, घरकामाच्या मावशींच्या मुलाला दिला जातो, नाहीतर ‘जुने, बंद मोबाईल द्या, भांडी घ्या’ अशी आरोळी देत गल्लीतून फिरणाऱ्याच्या पोत्यात जातो. देण्याआधी बहुतेक जण फोटो डिलीट करतात. थोडे जागरूक असतात ते ‘फॅक्टरी रिसेट’ करतात. रिसेटला दोन-चार मिनिटं लागतात. तेवढ्यात १२८ जीबीची मेमरी खरोखर पुसून निघते का? बँकेचे मेसेज, आधारचा फोटो, मुलांचे व्हिडिओ, घरातल्या कटकटींनी भरलेलं व्हॉट्सॲप, यातलं काही पुढच्या माणसाच्या हाती लागणार नाही, अशी खात्री कशाच्या जोरावर धरायची? याचं उत्तर तुमचा फोन कोणत्या साली बाजारात आला यावर ठरतं. त्यामागची गोष्ट जवळपास सत्तर वर्षांची आहे.

त्याआधी, पंच कार्डांच्या काळात, हा प्रश्नच नव्हता. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी मोजलेली कार्डं म्हणजे भोकं पाडलेला जाड कागद. नको झाला की जाळा. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक हा संगणक आणला आणि त्याच्यासोबत पहिली हार्ड डिस्क आली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, टनाहून जास्त वजन आणि त्यात मावणार ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाईलमधल्या एका चांगल्या फोटोएवढा हा ऐवज. या तबकड्यांवर चुंबकाने लिहिलेल्या मजकुरावर पुन्हा दुसरा मजकूर लिहिता येत होता, आणि तिथूनच एक सवय पडली. जुनं मुद्दाम पुसायची गरज उरली नाही. जागा लागेल तेव्हा त्यावर नवं लिहायचं, तोपर्यंत ते पडून राहू द्यायचं. पुसणं हे वेगळं काम म्हणून कामाच्या यादीतूनच गळालं.

घराघरांत आणि ऑफिसांत कॉम्प्युटर आले तेव्हा ही सवय त्यांच्या अंगात भिनलेली होती. मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ साली फ्लॉपीसाठी ‘फॅट’ नावाची पद्धत तयार झाली. पुढे १९८१ पासून कॉम्प्युटर चालवणाऱ्या एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्याच प्रणालीने तीच उचलली, आणि आजही कित्येक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं तिच्याच वंशातली आहेत. या पद्धतीत फाइल डिलीट केली की काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. डिस्कवर फाइलींची एक यादी असते. डिलीटचा हुकूम मिळाला की यादीतल्या त्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलून तिथे एक ठरावीक खूण टाकली जाते. ‘ई५’ हा तिचा कोड. त्या फाइलने व्यापलेली जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवली जाते. बस्स. सातबाऱ्यावरचं नाव खोडावं आणि शेत, पीक, विहीर सगळं जागच्या जागी राहावं, असा हा प्रकार.

हे आळसापोटी झालेलं नाही. फ्लॉपी भयंकर हळू चालायची. प्रत्येक फाइलवर शून्यं लिहीत बसलं असतं तर डिलीट करायला सेव्ह करण्याइतकाच वेळ गेला असता. वेग हवा होता, आणि त्या खोक्यात लपवण्यासारखं काही असेल हा विचार तेव्हा फारसा कुणाच्या डोक्यात नव्हता. उलट लोकांना चिंता होती ती चुकून उडालेलं परत कसं मिळेल याची. पीटर नॉर्टन या प्रोग्रामरच्या हातून स्वतःचीच एक फाइल उडाली. ती परत आणायला त्यांनी प्रोग्राम लिहिला, आणि १९८२ साली नॉर्टन युटिलिटीज बाजारात आलं. मायक्रोसॉफ्टनेही १९९१ च्या डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ची सोय दिली. उडालेल्या फाइलींची यादी समोर यायची, प्रत्येक नावाच्या आधी प्रश्नचिन्ह. पहिलं अक्षर पुसलं गेलेलं असल्यामुळे ते तेवढं तुम्ही सांगायचं, बाकी सगळं डिस्कवर होतंच. आज शहरोशहरी ‘डेटा रिकव्हरी’च्या पाट्या दिसतात, त्या धंद्याचं मूळ इथे आहे.

डिलीट म्हणजे गेलं, या भरवशाचा मोठा फटका व्हाइट हाउसला बसला. इराणला चोरून शस्त्रं विकून त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पुरवल्याचं प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीला आलं. तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपल्या कॉम्प्युटरवरचे हजारो ईमेल डिलीट केले. कागद यंत्रात घालून त्यांचा चुरा केला, तेही झालं. कागद गेले ते गेले. ईमेल मात्र राखीव प्रती ठेवणाऱ्या नेहमीच्या बॅकअप टेपांवर जसेच्या तसे सापडले आणि चौकशी समितीपुढे पुरावा म्हणून आले. देशाच्या सुरक्षेची सूत्रं हातात असलेल्या माणसांनाही डिलीटचा खरा अर्थ ठाऊक नव्हता.

विंडोज ९५ सोबत रिसायकल बिन आला, पण त्याने मूळ प्रश्नाला हात लावला नाही. आता फाइल आधी टोपलीत जाते आणि टोपली रिकामी केली की पुन्हा तेच, यादीतली खूण. फॉरमॅटचंही तसंच. विंडोज एक्सपीपर्यंत हार्ड डिस्कचं ‘फुल फॉरमॅट’सुद्धा जुना मजकूर पुसत नव्हतं, फक्त खराब जागा तपासत होतं. सगळीकडे शून्यं लिहिणारं फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासूनचं. अर्धा तास चालणारं फॉरमॅट बघून ‘सगळं धुऊन निघालं’ असं त्याआधी लाखो लोकांनी प्रामाणिकपणे मानलं.

त्याची किंमत किती, हे एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोघा विद्यार्थ्यांनी मोजून दाखवलं. २००० ते २००२ या काळात त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या. आणि नीट पुसलेल्या किती? फक्त १२. बाकीच्यांत लोकांची खासगी पत्रं, दवाखान्यांचे कागद आणि ५,००० हून जास्त क्रेडिट कार्ड नंबर. एक डिस्क तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका एटीएममधली निघाली, खाते क्रमांकांसकट. हा अभ्यास २००३ साली छापून आला आणि पुसणं हा गंभीर विषय आहे हे पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर लोकांना कळलं.

मग भीती दुसऱ्या टोकाला गेली. १९९६ साली न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या पीटर गटमन यांनी एक शोधनिबंध सादर केला होता. मजकुरावर एकदा दुसरं लिहिलं तरी चुंबकीय खुणांवरून जुनं ओळखता येऊ शकतं, म्हणून ३५ वेगवेगळ्या नमुन्यांनी वरून लिहावं, असं त्यात होतं. हे ३५ नमुने निरनिराळ्या जुन्या प्रकारच्या डिस्कसाठी होते. एकाच डिस्कला सगळे लागतच नव्हते. पण आकडा प्रसिद्ध झाला. पुसण्याच्या सॉफ्टवेअरांत ‘३५ वेळा’ हा पर्याय मानाने झळकू लागला आणि लोक रात्र-रात्र डिस्क घासत बसले. लोक याला मंत्रासारखं वापरताहेत, नव्या डिस्कला त्याची गरज नाही, असं खुद्द गटमन यांनी नंतर लिहिलं. तरी तो आकडा आजही सल्ल्यांत भेटतो. माझ्या मते या ३५ च्या आकड्याने नुकसानच केलं, कारण खरा धोका एकदाही न पुसलेल्या डिस्कचा होता.

आणि हे सगळं चालू असताना खालची जमीनच बदलली. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी घडवली. तिचा नँड हा प्रकार १९८७ साली जगापुढे मांडला गेला. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाईल, कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच्या जागी आलेली एसएसडी, सगळं तिच्यावर चालतं. तिचे दोन स्वभाव आहेत. लिहिताना ती लहान-लहान पानांत लिहिते, पण पुसताना अशा अनेक पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. आणि प्रत्येक गठ्ठा ठरावीक वेळाच पुसता येतो, मग तो झिजून निकामी होतो. म्हणून आतली कंट्रोलर चिप सतत हिशेब ठेवते आणि झीज सगळीकडे सारखी वाटते. तुम्ही एखादी फाइल बदलून सेव्ह केली की ती जुन्या जागेवर लिहिलीच जात नाही. नवी कोरी जागा शोधून तिथे लिहिली जाते आणि जुनी प्रत मागे पडून राहते, चिपला सवड मिळेपर्यंत.

याचा अर्थ, हार्ड डिस्कच्या काळातला ‘वरून लिहा’ हा खात्रीचा उपाय इथे लंगडा पडतो. तुम्ही ३५ वेळा लिहाल, ते ३५ वेगळ्या जागी जाईल. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एसएसडी उघडून, चिपा थेट वाचून हे तपासलं. एकेक फाइल पुसण्याची एकही प्रचलित रीत पूर्ण उतरली नाही. त्याहून वाईट म्हणजे, काही ड्राइव्हमधला कंपनीनेच दिलेला ‘सगळं पुसा’ हा हुकूमही नीट चालत नव्हता. एकाने तर ‘पुसलं’ असं उत्तर दिलं आणि आतला डेटा जसाच्या तसा होता.

सुटका झाली ती पुसण्याचा नाद सोडून दिल्यावर. मजकूर मेमरीत जातानाच कुलूपबंद करायचा, म्हणजे एन्क्रिप्ट करायचा, आणि किल्ली वेगळी ठेवायची. फोन विकायच्या वेळी फक्त किल्ली नष्ट करायची. १२८ जीबी मजकूर तिथेच राहतो, पण तो वाचता न येणारा कचरा असतो. किल्ली असते ३२ बाइटची, म्हणजे या वाक्यापेक्षाही छोटी. सुरुवातीच्या आयफोनला पूर्ण पुसायला तास-तास लागत, कारण तो खरोखर वरून लिहीत बसायचा. २००९ च्या आयफोन ३जीएसमध्ये हार्डवेअर एन्क्रिप्शन आलं आणि तेच काम झटक्यात होऊ लागलं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने डिसेंबर २०१४ मध्ये डेटा नष्ट करण्याच्या आपल्या मार्गदर्शिकेत किल्ली नष्ट करण्याच्या या रीतीला रीतसर जागा दिली.

आपल्याकडे आयफोन किती जणांच्या हातात होते? भारतात स्मार्टफोन पसरला तो पाच-सात हजारांच्या अँड्रॉइडने, आणि तिथली गोष्ट फार वेगळी आहे. २०१४ साली अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने २० जुने अँड्रॉइड फोन ऑनलाइन विकत घेतले आणि त्यातून ४०,००० हून जास्त फोटो परत काढले. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २१ जुने फोन तपासले. रिसेट केल्यावरही त्यातून माहिती निघाली. कित्येक फोनांतून तर गूगल खात्यात शिरायची किल्लीच निघाली. जगातले ५० कोटींपर्यंत फोन असे असू शकतात, असा त्यांचा अंदाज होता.

त्याच वर्षी अँड्रॉइड ६ आलं आणि नव्या फोनांना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं, पण एका सवलतीसह. ज्या फोनची चिप सेकंदाला ५० एमबीच्या वेगाने कुलूप लावू शकत नाही, त्याला सूट. स्वस्त चिपांमध्ये या गणितासाठी लागणारी खास सोय नव्हती, त्यामुळे नेमके गरिबाघरचे फोन सुटले. हे मला फार लागतं. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, कॉलेजातल्या मुलीच्या फोनमध्ये जपायला काही नसतं असं थोडंच आहे! ही फट बुजायला २०१९ उजाडलं. त्या फेब्रुवारीत गूगलने ॲडियंटम ही कमकुवत चिपवरही वेगाने चालणारी रीत जाहीर केली, आणि अँड्रॉइड १० पासून नव्याने बाजारात येणाऱ्या प्रत्येक फोनला एन्क्रिप्शन बंधनकारक झालं, स्वस्तातल्या स्वस्तालाही.

म्हणून तुमचा फोन अँड्रॉइड १० घेऊन आलेला किंवा त्यानंतरचा असेल आणि त्याला पिन लावलेला असेल, तर दोन मिनिटांचा रिसेट भरवशाचा आहे. त्याआधीचा स्वस्त फोन असेल तर तो भांडीवाल्याला देऊ नका. मेमरी कार्ड तर आधी काढून घ्या. गाण्यांच्या दुकानातून भरून आणलेलं ते कार्ड बहुतेक फोनांत आजही बिनकुलपाचं असतं.

फोनबाहेर गेलेल्या प्रतींचं मात्र अजून काही खरं नाही. झेरॉक्स काढायला आपण आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. ती त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये शेकडो अनोळखी लोकांच्या कागदांसोबत पडून राहते. मोठ्या डिजिटल कॉपी मशिनांत स्वतःची हार्ड डिस्कही असते. अमेरिकेत २०१० साली सीबीएस वाहिनीने विकत घेतलेल्या जुन्या मशिनांत पोलिसांचे आणि रुग्णांचे कागद सापडले, आणि त्यावरून एका आरोग्य विमा संस्थेला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरच्या वर भरावे लागले. आपल्याकडे मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने, सायबर कॅफेत आधार डाउनलोड करू नका, केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या डिलीट करा, अशी सूचना काढली होती. गैरसमज होईल म्हणून ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. सूचना रास्त होती, असं मला वाटतं. फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘कायमचं डिलीट’ कसं करायचं, हे सामान्य माणसाला सांगायला हवं होतं.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एक पाऊल पुढे गेला. संमती काढून घेतली किंवा काम संपलं की माहिती पुसून टाकायची, अशी जबाबदारी त्याने माहिती घेणाऱ्यावर टाकली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. पण पुसायचं म्हणजे यादीतली खूण बदलायची, वरून लिहायचं, की किल्ली मोडायची, हे कायद्यात लिहिलेलं नाही.