पावागडच्या उतारावरचे कंदीलपुष्प

भाद्रपदात गुजरातेतल्या पावागड डोंगराच्या उतारांवर फिरताना झुडपाला वेढे घालत चढलेली एखादी सुतळीहून बारीक वेल दिसते आणि तिच्या पानांच्या बेचक्यात पेरभर लांबीचे हिरवट फूल उभे असते. तळाशी फुगीर, मध्ये नळीसारखे आणि वर पाच पाकळ्यांची टोके जुळून झालेला पिंजरा, अशा घडणीमुळे मराठीत त्याला कंदीलपुष्प म्हणतात. वासाने ओढली गेलेली बारीक माशी नळीत उतरली, की खाली वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. केस सुकून फूल कलंडले की ती सुटते आणि जाताना परागपुंज घेऊन जाते.

अशी वेल वेगळी वाटली, तरी तिला नवी जाती म्हणण्याची घाई करू नये. पानांवर विसंबणे तर फारच धोक्याचे. गुजरातेत आढळणाऱ्या सेरोपेजिया बल्बोझा या कंदीलपुष्पाची पाने कधी वाटोळी, तर कधी गवताच्या पात्यासारखी असतात. अरुंद पानांच्या वेलींना पूर्वी सेरोपेजिया लुशिआय असे स्वतंत्र नाव होते, पुढे त्या बल्बोझाचाच एक प्रकार मानल्या गेल्या. निवाडा होतो तो फुलाच्या पोटात, परागकोशांभोवतीच्या इवल्या मुकुटाच्या पाकळीसारख्या खंडांवरून. कागदात दाबलेल्या फुलात हा मुकुट चेपतो, म्हणून दोन-चार फुले स्पिरिटमध्ये ठेवावी लागतात आणि रंग व वास जागेवरच टिपून घ्यावे लागतात. माझ्या मते ही टिपणवही नमुन्याइतकीच मोलाची आहे.

पुढचे काम हर्बेरियममधले, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असा संग्रह आहे. तिथल्या आणि इतर संग्रहांतल्या जुन्या नमुन्यांशी, आणि वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची सुरुवात जिथून मानतात त्या १७५३ पासून प्रसिद्ध झालेल्या नावांशी ताडून पाहिल्यावरच वर्णन लिहिता येते. ते २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच असावे लागे, आता इंग्रजीही चालते. नाव कायमचे बांधले जाते ते होलोटाइप म्हणून निवडलेल्या एका नमुन्याशी, आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला हे छापावेच लागते.

एवढ्यासाठी कंद उपटू नये, हे मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. फुलांची एक फांदी पुरते. कंद जमिनीत राहिला तर वेल पुढच्या पावसात पुन्हा उगवते. शिवाय फळाचे वर्णन अजून बाकीच असते. शिंगांसारख्या जोडशेंगा आणि त्यांतली रेशमी झुपक्यांची बिया पाहायला, वेल वाळण्याआधी, त्याच झुडपापाशी पुन्हा जावे लागते.